मुगाची चमक

चैत्र संपत आला की आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यात एक वास उतरायला लागतो. जड, किंचित कडवट, लहानपणी नाक दाबून पाजलेला चमचा आठवावा असा. एरंडेल. गच्चीवर बायकांनी जुन्या साड्या अंथरलेल्या असतात, त्यांवर गहू, तूर, मूग पसरलेले असतात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी तळहातावर तेल घेऊन वर्षभराच्या धान्याला चोळत बसलेल्या असतात. बेगमीचे दिवस. या दिवसांत बाकीच्यांना आंबे आठवतात, सुट्टी आठवते. मला धस्स होतं. परवा भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते, वास आला आणि मी पहिल्या मजल्यावरच थबकले. मावशी वरून उतरत होत्या. "काय हो मॅडम, चक्कर आली का? ऊन लई हाय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही, जरा दम लागला." एवढ्याशा वासानं चाळिशीकडं झुकलेल्या, कॉलेजात औषधशास्त्र शिकवणाऱ्या बाईचे पाय अडतात, हे त्यांना जिन्यात उभ्या उभ्या कसं सांगणार?

माझं काम सांगायला घेतलं की लोक जांभया देतात, म्हणून थोडक्यात सांगते. पुष्कळ औषधांना पाण्याचं वावडं असतं. गोळी पोटात गेली पण विरघळलीच नाही, तर ती रक्तात जाणार कशी? आली तशी निघून जाते. जंतांवरचं एक औषध असंच आहे. शाळेत लेकरांना देतात ते, आणि मेंढरांना पाजतात तेही त्याच घराण्यातलं. आम्ही मेंढरंवाले. एका हातानं मेंढराचा जबडा उघडून दुसऱ्या हातानं पांढरं औषध ओतणारे माझे वडील, अण्णा, मी चालायला लागल्यापासून पाहत आलेय. औषध ओतून झालं की ते हात झटकत म्हणायचे, "निम्मं तर लेंडीवाटंच जातंय." पुढं कॉलेजात त्याच गोष्टीला भलंमोठं इंग्रजी नाव मिळालं, एवढाच फरक.

पीएचडीला विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी माझ्या गाईड मॅडमना सांगितलं, मला हेच औषध द्या. आणि ते विरघळवायला महागडी रसायनं नकोत, घराघरात खातात असं काहीतरी घेऊ. डाळ, कडधान्य, काहीही. मॅडम हसल्या. "स्वप्न तर बरं आहे. कामाला लाग," म्हणाल्या. मॅडम फार बोलत नसत. कौतुक करायचं तर दोन शब्दांत, झाडायचं तर एका शब्दात.

आमच्या प्रयोगशाळेत काचेची सहा भांडी ओळीनं बसवलेलं एक यंत्र होतं. भांड्यांत माणसाच्या अंगाइतकं कोमट पाणी, वरून संथ फिरणारी पाती. औषध टाकायचं, ठरावीक मिनिटांनी थोडंथोडं पाणी काढून घ्यायचं आणि किती विरघळलं ते मोजायचं. रफिकभाई हे यंत्र सांभाळायचे. माझ्या जन्माच्या आधीपासून ते प्रयोगशाळेत होते असं म्हणत, आणि मला ते खरं वाटायचं. पातं जरा डगमगलं तरी त्यांना बाहेरच्या व्हरांड्यातून ऐकू यायचं.

मी कुळीथ करून पाहिले, मटकी पाहिली, हरभरा पाहिला. औषध आणि कोरडं पीठ तासन् तास एकत्र खलायचं आणि भांड्यात टाकायचं. औषध आपलं वर तरंगायचं, लग्नात रुसून कोपऱ्यात बसलेल्या मामासारखं. बाजारातला मूग आणला तेव्हा ते थोडं हललं. थोडंच. मग सुट्टीवरून परत येताना चुलतभाऊ बाळूनं मी घरून मागवलेला डबाभर मूग आणून दिला. बाळू बिडकीनला कंपनीत कामाला होता. महिन्यातून एकदा तो गावी जायचा आणि परतताना मायनं बांधून दिलेलं काहीबाही माझ्या होस्टेलवर टाकून जायचा. त्या डब्यातला मूग मी दळला, आणि भांड्यातलं औषध विरघळलं.

विरघळलं म्हणजे काय, बाजारच्या मुगाला जेवढं जमलं होतं त्याच्या दुपटीनं जमलं! मी आकडे तीनदा पाहिले. रफिकभाईंना हाक मारली. ते आले, त्यांनी पातं पाहिलं, पाणी पाहिलं, मग उरलेला मूग मुठीत घेऊन उजेडात धरला. "मॅडम, ये मूंग देखो कैसी चमक री. गाँव का माल गाँव काइच होता." मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथं त्यांना अर्धा डबा मूग देऊन टाकला. आमचा गावरान मूग. अजिंठ्याच्या डोंगराखालच्या मुरमाड रानातला, पावसाच्या पाण्यावर आलेला. त्याच्यात काहीतरी आहे जे बाजारच्या मुगात नाही, हे मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. आधी कळस, मग पाया म्हणतात ते हेच.

तसं मी अगदीच आंधळी नव्हते. घरचा मूग मागवायच्या आधीच मी फोन केला होता. आमच्याकडं पूर्वापार धान्य राखेत घालून ठेवत. मायला म्हटलं, "माय, माझ्या मुगाला राख लावू नको. राखेनं माझा प्रयोग बिघडंल. पावडर नको, कसलंच औषध नको."

"मंग किडं लागत्याल की, सवे."

"लागले तर लागले."

"बरं बाई," माय म्हणाली. त्यानंतर मी दरवर्षी न चुकता विचारायचे, "मुगावर काही मारलं नाहीस ना?" आणि ती दरवर्षी सांगायची, "काय बी मारलं नाय." मी ते वहीत लिहूनसुद्धा ठेवलं. तारखेसकट.

चार वर्षं गेली. एक शोधनिबंध छापून आला. त्यात मी आमच्या मुगाचं वर्णन करताना "दाणा टपोरा, नैसर्गिक चमक असलेला" असं लिहिलं होतं, ते आठवलं की आजही कानाच्या पाळ्या तापतात. एका परिसंवादात टाळ्या पडल्या. गावात शाळेच्या पटांगणात शाल-नारळ झाला; मी जाऊ शकले नाही, कारण त्या दिवशी प्रयोग चालू होता, म्हणून माझी शाल मायनं घेतली. तिला भाषण करायला लावलं तर म्हणे ती एवढंच म्हणाली, "आमच्या मुगानं लेकरायचे जंत मरनार हाईत." आणि पुढच्या मृगात तिनं दोन एकरांपैकी निम्म्यात दरवर्षी असायची ती मका बंद केली. सगळं वावर मुगाला. अण्णा मेंढरं घेऊन लांब गेलेले, त्यांना फोनवरच कळलं. ते म्हणाले, येडी झाली तुझी माय. मला मात्र अभिमान वाटला. इतका, की कॉलेजात चार जणांना सांगितलं.

प्रबंध बांधायला जायच्या आधी मॅडमनी आणखी एक प्रयोग करून घ्यायला सांगितला आणि नेमका मूग संपला. बाळूची सुट्टी रद्द झाली होती. म्हटलं आपणच जाऊन आणू. सकाळची एसटी पकडली. सिल्लोड सोडलं तशी खिडकीतून गरम हवा यायला लागली. वैशाख होता, रानं नांगरून पडलेली. फाट्यावर उतरून घरापर्यंत चालत गेले. मायला कळवलं नव्हतं. म्हटलं, चकित करू.

अंगणात लिंबाखाली साडी अंथरली होती, तिच्यावर हिरवागार मूग. माय पाय पसरून बसलेली, शेजारी वाटी. तिनं वाटीत बोटं बुडवली, तळहातावर तळहात चोळला आणि मुगात कोपरापर्यंत हात घालून दाणे वरखाली करायला लागली. सावकाश, लेकराचं डोकं माखावं तसं. मला पाहून तिचा चेहरा फुलला. "अगं, आज कशी काय?" मी तिथंच उभी. वास माझ्यापर्यंत आला होता.

"माय, काय लावतीस?"

"येरंडेल. शांताकाकूनं दावलं मागं. तू राख नको म्हनलीस न, मंग म्या येरंडेल सुरू केलं. किडं जवळ येत नाहीत बग."

"दर वर्षी लावतीस?"

"व्हय की. आन् तुझ्या मुगाला जादा. घरचा आमी दिवाळीपर्यंत खाऊन टाकतो, तुझा वरीसभर टिकला पायजे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहीत नाही. जीभ खरोखर टाळूला चिकटली. मायनं विचारलं, "पानी देऊ का?" आणि मला हो म्हणता येईना. एरंडेल! औषध विरघळवायला एरंडेलाचा उपयोग होतो हे जगाला कधीपासून ठाऊक आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात त्यावर धडा आहे. त्याच वर्षी मी तो ज्युनिअरच्या पोरींना शिकवला होता, फळ्यावर आकृती काढून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा तर चार वर्षं डब्यात भरून होस्टेलवर येत होता; वास उन्हात उडून जायचा, चमक तेवढी उरायची, आणि मी त्याला मुगाची चमक म्हणत होते.

मी मायला काही बोलले नाही. दोन पिशव्या मागितल्या, एक तेल लावलेल्या मुगाची, एक बिनतेलाच्या. तिला वाटलं, असेल काहीतरी शास्त्र. दुपारच्या एसटीनं परत आले. डोकं बधिर झालं होतं, पण आतून एक चिवट आवाज म्हणत होता, नसेल तसं. तेल किती, चमचाभर. चमचाभर तेलानं काय होतंय?

दुसऱ्या दिवशी रफिकभाईंनी सहाही भांडी लावून दिली. दोन भांड्यांत आमचा मूग तेल लावलेला, दोन भांड्यांत आमचाच मूग तेलाशिवायचा. उरलेल्या दोनांत मी मुद्दाम बाजारचा साधा मूग घेऊन त्याला मायसारखंच तेल चोळून टाकला होता. पाती फिरायला लागली. मी स्टुलावर बसून होते. पहिलं पाणी काढलं, मोजलं. दुसरं काढलं, मोजलं. तिसऱ्या वेळेला आकडे सांगताना रफिकभाईंचा आवाज उतरला. "मॅडम, ये बाजारवाली बी वैसाइच चल री." मग जरा थांबून, "और अपनी बिना तेलवाली... कुच खास नहीं कर री." ते "अपनी" म्हणाले हे मला तेव्हाही जाणवलं. तेल धरत होतं औषधाला, आणि मूग, कुठलाही मूग, त्या तेलाचे बारीक थेंब पाण्यात फिरवत ठेवत होता. आमच्या रानात, आमच्या मुरमात, आमच्या पावसात काही म्हणजे काही नव्हतं. रफिकभाईंनी यंत्र बंद केलं, भांडी विसळायला नेली आणि बाहेरून चहा आणून माझ्यासमोर ठेवला. त्यावर साय धरली तरी मी तशीच बसलेली होते.

मॅडमच्या केबिनमध्ये उभी राहिले तेव्हा मी पाठ करून गेले होते, तरी सगळं उलटसुलट सांगितलं. राख, फोन, वाटी, शांताकाकू. मॅडमनी चष्मा काढला.

"निबंध छापून आलाय, सविता."

"हो."

"हे कुणाकुणाला माहितेय?"

"मला. रफिकभाईंना. आता तुम्हाला."

"उद्या ये," त्या म्हणाल्या.

त्या दिवसाबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, ते आता सांगते. मॅडम उद्या काय म्हणतील याचा मी विचार करत होते, आणि मला मनापासून वाटत होतं की त्यांनी म्हणावं, गप्प बस. म्हणावं, पुढच्या कामात दुरुस्त करू, आत्ता प्रबंध जाऊ दे. त्यांनी तसं म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती आणि आयुष्यभर मनात म्हणत राहिले असते, मी तर सांगितलं होतं, मॅडमच गप्प बसा म्हणाल्या. तेलाचा धक्का मोठा होता, पण हा त्याहून मोठा. स्वतःबद्दल असं काही कळलं की कुणापाशी तक्रार करणार? मला तोवर वाटायचं की मी सरळ आहे. सरळपणाची परीक्षाच कधी झाली नव्हती, एवढंच खरं.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर एक पत्र तयार होतं. निबंध मागे घेत आहोत, कारण नमुन्यात तेल होतं, चूक आमची. खाली त्यांची सही झालेली होती. "सही कर," त्या म्हणाल्या. मी केली. अक्षर सहावीतल्या पोरीसारखं आलं. मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी विचारलं, "आईला सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. आणि सांगायला तर हवंच होतं, कारण मृग तोंडावर आला होता आणि पुन्हा सगळं वावर मुगाला जाणार होतं. मी परत एसटीत बसले. माझी पदवी दोन वर्षं लांबणार होती, त्याचं काही वाटेनासं झालं होतं. जिनं शाळेच्या पटांगणात उभं राहून ते एक वाक्य म्हटलं होतं, तिला काय सांगू, याच्यावर सगळा रस्ता गेला.

माय ओसरीत बियाणं निवडत होती. सुपात मूग, पुढ्यात खड्यांची एवढीशी ढिगोळी. मी समोर बसले आणि सांगितलं. औषध, तेल, बाजारचा मूग, सगळं. तिचा हात सुपात थांबला.

"म्हंजी आपला मूग साधाच?"

"साधाच."

"समद्यायसारका?"

"हो माय."

तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते नीट सांगता येणार नाही. भर बाजारात कुणीतरी हाक मारावी आणि वळून पाहावं तर कुणीच नसावं, तसं काहीसं. मग म्हणाली, "म्या साऱ्या गावाला सांगत हिंडले की गं."

"तुझी चूक नाही. मीच राख नको म्हणाले होते. मीच नीट विचारायला पाहिजे होतं."

"तू इचारलंस की," ती लगेच म्हणाली. माझीच बाजू घेत. "दर साली फोनवर इचारलंस. म्या बी खरंच सांगितलं. येरंडेल लावलं म्हंजी काय मारलं व्हय? ती काय सांगायची गोष्ट हाय? ती पाह्यची गोष्ट हाय." तिनं सूप पुन्हा हलवलं. "चार उन्हाळे झाले, सवे. एका बी उन्हाळ्यात घरी आली असतीस, तर तुला दिसलं असतं."

रागानं नाही म्हणाली. औंदा ऊन लई हाय म्हणावं तशी म्हणाली, आणि भाकरी टाकायला आत गेली. मी ओसरीत बसून राहिले. मग सूप पुढ्यात ओढून खडे वेचायला लागले.

प्रबंध पुढं झाला. कोरडा, खरा, टाळ्या न पडणारा. चूक कुठं झाली हे त्यात लिहावं लागतं. मी लिहिलं, "नमुन्याची साठवण कशी होते, हे संशोधक विद्यार्थिनीनं स्वतः जाऊन पाहिलं नाही." परीक्षकांनी ते वाचलं, मान डोलावली आणि पान उलटलं. त्या उन्हाळ्यात जाड पुठ्ठ्याचा तो प्रबंध घेऊन मी घरी गेले. मायला वाचता येत नाही. तिनं तो मांडीवर घेतला, वजन पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या तेलाचं कुठं लिव्हलंय, ते वाच." मी ते पान काढलं आणि इंग्रजीतलं ते एक वाक्य तिला मराठीत सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. "आणिक एक डाव सांग," म्हणाली. मी पुन्हा सांगितलं.

"बराबर लिव्हलंस," माय म्हणाली.